७०७५चा जॉब क्लॅम्प सोडल्यावर वाकतो: कारण शोधायचं कुठे, उपाय करायचा कुठे

लक्षण एकच असतं. ७०७५ या विमानांसाठीच्या अॅल्युमिनियम मिश्रधातूची ६०० मि.मी. लांब, १५० रुंद फ्रेम ४० मि.मी.च्या प्लेटमधून काढलेली, पॉकेट (खोल कप्पे) मारून झालेले, वेब म्हणजे पॉकेटच्या तळाचा पातळ पडदा २ मि.मी.वर आणलेला. मशीनवर डायल (उंचीतला फरक दाखवणारं सुईचं मापक) फिरवला तर सगळीकडे ०.०३च्या आत. क्लॅम्प सोडून जॉब सरफेस प्लेटवर ठेवला की एक टोक दाबल्यावर दुसरं उचलतं आणि टोकाखाली ०.६चं फिलर गेज (फट मोजायची पत्ती) अडथळ्याशिवाय आत जातं. ड्रॉइंगवर फ्लॅटनेस (सपाटपणाची मर्यादा) ०.२ लिहिलेला असतो. मग प्रोग्रॅम तपासतात, स्पिंडल तपासतात, ऑपरेटरला विचारतात, पुढचा जॉब लावतात, आणि तोही तसाच येतो.

पुणे, नाशिक, बेळगाव या पट्ट्यात विमानाच्या भागांचं जॉबवर्क करणाऱ्या शॉपमध्ये ही तक्रार वर्षानुवर्षं ऐकू येते. बहुतेक वेळा मशीनचा काही दोष नसतो. वाकवणारा ताण प्लेट शॉपमध्ये येण्याआधीच तिच्यात असतो. आपण माल कापून त्याला मोकळं करतो. पण ‘बहुतेक वेळा’ म्हणजे ‘नेहमी’ नव्हे. क्लॅम्पिंग, कटर आणि तापमान हेही तसंच लक्षण दाखवतात. म्हणून आधी वेगळं करायला शिकायचं, मग उपाय. सगळे उपाय एकदम केले तर जॉब सरळ आला तरी कशामुळे आला ते कळत नाही आणि पुढच्या लॉटला पुन्हा तेच.

प्लेटमध्ये ताण येतो कुठून

७०७५मध्ये जस्त ५.१ ते ६.१ टक्के, मॅग्नेशियम २.१ ते २.९ आणि तांबं १.२ ते २.० टक्के असतं. ताकद या तिघांमुळे येते, पण त्यासाठी ते आधी अॅल्युमिनियममध्ये विरघळलेले हवेत. म्हणून प्लेट ४७०–४८० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतात आणि लगेच पाण्यात टाकतात. साधारण ४०० ते २९० अंशांचा टप्पा झपाट्याने ओलांडला नाही तर हे घटक जाड कणांच्या रूपात बाहेर पडतात. मग नंतर १२० अंशांवर २४ तास ठेवून एजिंग केलं तरी हवी ती ताकद मिळत नाही. म्हणजे जोरात थंड करण्याला पर्याय नाही.

त्याची किंमत ताणाच्या रूपात मोजावी लागते. बाहेरचा थर आधी थंड होऊन आकसतो, गाभा अजून गरम असतो. नंतर गाभा आकसायला लागतो तेव्हा बाहेरचा थर कडक झालेला असतो आणि त्याला अडवतो. शेवटी पृष्ठभाग दाबात आणि गाभा ओढीत अशी प्लेट तयार होते. जाड प्लेटमध्ये हा ताण १५० ते २५० मेगापास्कलपर्यंत सहज जातो. दाब आणि ओढ एकमेकांना तोलून धरतात म्हणून प्लेट सपाट दिसते. वरून माल काढला की वरचा दाबातला थर जातो, खालचा शिल्लक राहतो, आणि तोल बिघडतो. खालचा थर पसरू पाहतो, वरचा गाभा आकसू पाहतो. टोकं कापलेल्या बाजूला उचलतात.

यावरचा उपाय मिलमध्येच होतो. क्वेंचिंगनंतर (पाण्यात झटकन थंड केल्यावर), एजिंगच्या आधी, प्लेटची दोन्ही टोकं जबड्यात धरून तिला १.५ ते ३ टक्के कायमची लांबवतात. सगळा छेद एकसारखा ओढला जाऊन ताण बराच समपातळीवर येतो, साधारण २०–३० मेगापास्कलच्या आत. प्लेटवर कोणती प्रक्रिया झाली ते सांगणाऱ्या कोडला टेम्पर म्हणतात; टी६५१ या टेम्परमधले ‘५१’ म्हणजे हेच ओढणं. फोर्जिंगला ओढता येत नाही, तिथे दाबतात: ‘५२’. एक्स्ट्रूजनवर टी६५१० किंवा टी६५११ दिसतं. ७०५० या त्याच घराण्यातल्या मिश्रधातूच्या प्लेटवर टी७४५१ असतं, त्यातलंही ‘५१’ तेच.

मिश्रधातू घडवणाऱ्यांनीही हा प्रश्न मुळाशी जाऊन हाताळलेला आहे. ७०७५मध्ये दाणे आवरायला क्रोमियम वापरतात, पण त्यामुळे तो क्वेंचिंगच्या वेगाला फार संवेदनशील होतो. जाड छेदात गाभ्याची ताकद घसरते. ७०५०मध्ये क्रोमियमऐवजी झिर्कोनियम घातलं, म्हणून जाड प्लेट तुलनेने हळू थंड झाली तरी चालते. ७०८५ हा त्यानंतरचा मिश्रधातू आणखी पुढे गेला. एअरबस ए३८०च्या पंखातले मोठे स्पार त्याच्या फोर्जिंगमधून केले गेले. जाड जॉबसाठी ७०५० मागितला जातो त्याचं कारण नुसती ताकद नव्हे, हेही आहे.

हार्डनेस टेस्टरला जे दिसत नाही

माझ्या मते या समस्येची अर्धी प्रकरणं इथेच संपतात, म्हणून यावर जरा जास्त लिहितो.

बाजारात ७०७५चे कटपीस ‘टी६’ (एजिंग झालेलं, पण ओढलेलं नसलेलं टेम्पर) म्हणून मिळतात. ड्रॉइंगवर टी६५१ असतं. माल आला की हार्डनेस घेतात, ८४ एचआरबीच्या (रॉकवेल बी स्केल) वर आली, कंडक्टिव्हिटी म्हणजे विद्युतवाहकता घेतात, ३३ टक्के आयएसीएसच्या (प्रमाणित तांब्याच्या तुलनेत) आसपास आली, माल पास. पण टी६ आणि टी६५१ या दोन्हींची हार्डनेस आणि कंडक्टिव्हिटी सारखीच असते. या दोन चाचण्या एजिंग बरोबर झालं का ते सांगतात. टी६च्या जागी टी७३ (जास्त एजिंग केलेला) आला असेल तर कंडक्टिव्हिटी ३८च्या वर जाऊन ते लगेच उघडं पडतं. पण प्लेट ओढली होती की नाही, हे दोन्हींपैकी एकही चाचणी सांगू शकत नाही.

म्हणून कागद वाचायचा. मिलच्या सर्टिफिकेटवर पूर्ण टेम्पर लिहिलेलं हवं, आणि स्पेसिफिकेशन, म्हणजे विमानाच्या मालाच्या एएमएस मानकाचा नंबर हवा: ७०७५-टी६५१ प्लेटला एएमएस ४०४५, टी७३५१ प्लेटला एएमएस ४०७८, ७०५०-टी७४५१ला एएमएस ४०५०. एएमएस ४०४५ टी६ आणि टी६५१ दोन्हींसाठी आहे, त्यामुळे नुसता नंबर जुळला म्हणून खूण करू नका, टेम्परचा रकाना वाचा. ट्रेडरने स्वतः टाइप केलेल्या कागदावर ‘७०७५ टी६’ एवढंच असेल तर तो माल विमानाच्या कामासाठी घेऊ नये. आणखी एक सापळा आहे: माल मुळात टी६५१ होता, पण मधल्या कोणीतरी हार्डनेस कमी वाटली म्हणून पुन्हा हीट ट्रीटमेंट करून घेतली. प्लेट पुन्हा पाण्यात पडली की ओढण्याचा सगळा फायदा जातो. कागद टी६५१चा राहतो, माल टी६ होतो.

कागदावर विश्वास नसेल तर शॉपमध्येच करता येईल अशी एक चाचणी आहे, आणि ती प्रत्येक नव्या लॉटवर करावी. प्लेटच्या लांबीच्या दिशेने २५ मि.मी. रुंद आणि २५० मि.मी. लांब पट्टी कापा. जाडी पूर्ण ४०ची तशीच ठेवा. एका टोकाजवळ वरच्या आणि खालच्या कडेला पंचाची एकेक खूण करा आणि दोन खुणांमधलं अंतर व्हर्नियरने मोजून लिहून ठेवा. आता पट्टी आडवी धरून बँडसॉने जाडीच्या बरोबर मधोमध, खुणांच्या टोकाकडून, २०० मि.मी. आत फाळा. दुसरं टोक जोडलेलं राहू द्या. पट्टी थंड झाल्यावर खुणांमधलं अंतर पुन्हा मोजा.

नीट ओढलेल्या प्लेटमध्ये दोन्ही पट्ट्या जवळपास जागच्या जागी राहतात. ढोबळ हिशोबाने २० मेगापास्कल ताणाला या मापाच्या प्रत्येक पट्टीचं टोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास हलतं. न ओढलेल्या प्लेटमध्ये मात्र फाळतानाच फरक जाणवतो: दोन्ही पट्ट्या आतल्या बाजूला मिटायला लागतात, ब्लेड आवळलं जातं, मशीनचा आवाज बदलतो. १५० मेगापास्कलला हीच टोकं चार मिलिमीटरहून जास्त आत यायला बघतात. ब्लेड अडकलं की बळजबरी करू नका, थांबवा. उत्तर मिळालेलं आहे. तो लॉट परत पाठवा. तशा प्लेटवर फिक्स्चर आणि कटर बदलत बसण्यात वेळ घालवू नये.

माल बरोबर आहे, तरी वाकतो

आता क्लॅम्पिंग. कच्चा ब्लँक मशीनवर घेण्याआधी मोकळ्या अवस्थेत सरफेस प्लेटवर ठेवा आणि चारी बाजूंनी फिलर गेज घाला. ब्लँक मुळातच ०.३ वाकलेला असेल आणि आपण तो क्लॅम्पने बेडवर सपाट बसवला, तर वरची बाजू सपाट कापली जाईल आणि सोडल्यावर ती बाजू ०.३ वाकलेली होईल. यात मटेरियलच्या अंतर्गत ताणाचा काही संबंध नाही. जिथे फट आहे तिथे तेवढ्याच जाडीची शिम (फट भरायची पातळ पट्टी) घाला, आणि क्लॅम्प शिमच्या बरोबर वर येऊ द्या. क्लॅम्प आवळताना जॉबवर डायल लावून ठेवा. सुई हलली की तुम्ही जॉब वाकवताय.

व्हॅक्युम फिक्स्चर वापरणाऱ्यांनी हे जास्त सांभाळायला हवं, कारण तिथे क्लॅम्पिंगचा जोर डोळ्यांना दिसत नाही. ६०० बाय १५०च्या जॉबवर ०.८ बारचा व्हॅक्युम म्हणजे सातशे किलोंहून जास्त भार. मधोमध फट असलेली ४० मि.मी. जाड प्लेटसुद्धा हिशोबाने तेवढ्या भाराखाली सुमारे ०.३५ मि.मी. खाली ओढली जाते. रफिंग (जास्तीचा माल भराभर काढणं) झालेल्या पातळ जॉबचं तर विचारूच नका. व्हॅक्युम लावण्याआधी खालची बाजू मोकळ्या अवस्थेत सपाट असलीच पाहिजे.

क्लॅम्पिंग सुटलं तर दिशा बघा. पॉकेट वर ठेवून जॉब सरफेस प्लेटवर ठेवला आणि टोकं वर उचललेली असतील, तर प्लेटमधल्या उरलेल्या ताणावर संशय घ्या. उलट, कापलेली बाजू फुगून टोकं खाली गेली असतील, तर कटरने पृष्ठभागावर सोडलेला दाब हे कारण असू शकतं. ओढलेल्या प्लेटमध्ये उरलेला ताण जाडीत चढउतार करत जातो, म्हणून निव्वळ दिशेवरून निकाल देऊ नका. पक्कं करायला हे करा: तोच प्रोग्रॅम, तेच फिक्स्चर, त्याच प्लेटचा शेजारचा तुकडा, फक्त जॉबची प्लेटच्या जाडीतली जागा बदला. आधी वरून ५ आणि खालून ५ मि.मी. काढत असाल तर आता ३ आणि ७ करा. वाक बदलला तर ताण प्लेटमधला आहे. वाक तसाच राहिला तर नवा धारदार कटर लावून एक जॉब काढा. तेव्हा बदलला तर ताण कटरचा आहे.

कटरचा ताण फक्त वरच्या एक-दोन दशांश मिलिमीटरमध्ये असतो. जाड जॉबला तो कळतही नाही, पण २ मि.मी.चा वेब किंवा दीड मि.मी.ची भिंत त्याने वाकते. टूल झिजलं की घासणं वाढतं आणि हा ताणही वाढतो. त्यामुळे लॉटमधले पहिले जॉब सरळ आणि शेवटचे वाकडे असा नमुना दिसला तर टूल आधी बघा. फिनिशिंगला वेगळा कटर ठेवा, रफिंगचा वापरू नका. पॉलिश केलेला, कोटिंग नसलेला किंवा डीएलसी (हिऱ्यासारख्या कडक कार्बनच्या) कोटिंगचा कार्बाइड घ्या. स्टीलसाठीचं अॅल्युमिनियम असलेलं कोटिंग इथे नको, त्याला माल चिकटतो आणि धार बोथट झाल्यासारखी वागते.

कापण्याचा क्रम

माल चांगला, क्लॅम्पिंग बरोबर, कटर धारदार, तरी उरलेले २० मेगापास्कल आपलं काम करतातच. जॉबची जाडी निम्मी झाली की त्याचा वाकण्याला होणारा विरोध आठव्या भागावर येतो, आणि लांबी दुप्पट झाली की तोच बाक चौपट वाक दाखवतो. त्यात अॅल्युमिनियमचा ताठपणा स्टीलच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच. त्यामुळे ताण पूर्ण घालवण्याच्या मागे न लागता तो फिनिशिंगच्या आधी मोकळा होऊ द्यायचा.

एक बाजू रफ करा, सगळीकडे २ ते ३ मि.मी. माल ठेवून. क्लॅम्प पूर्ण सोडा. उलटा करा, दुसरी बाजू रफ करा. पुन्हा पूर्ण सोडा. आता जॉबला जे वाकायचं ते वाकलेलं असेल. तो वाकलेल्या अवस्थेतच शिमवर बसवा, न दाबता हलकं पकडा, आणि डेटमची, म्हणजे सगळी मापं जिथून घेतात ती, बाजू हलक्या कटने पुन्हा सपाट करा. ही पायरी सर्रास गाळली जाते, कारण डेटम ‘आधीच झालेला’ असतो. तो रफिंगच्या आधी झालेला होता. रफिंगनंतर तो सपाट राहिलेला नाही. वाकड्या डेटमवर फिनिशिंग केलं तर वरची सगळी मेहनत वाया जाते.

पॉकेट एकेक करून पूर्ण खोलीपर्यंत मारू नका. सगळ्या पॉकेटमधला एक थर, मग सगळ्यांमधला दुसरा. मधून सुरुवात करून टोकांकडे जा. भिंती फिनिश करताना दोन्ही बाजू थोड्या थोड्या खोलीने आलटून पालटून घ्या, म्हणजे कापलं जात असताना भिंतीला खालच्या जाड मालाचा आधार राहतो. सायकल टाइम वाढतो हे खरं आहे, पण नव्वद टक्के माल चिप होऊन गेल्यावर रिजेक्ट झालेल्या जॉबपेक्षा तो स्वस्त पडतो.

‘रफ करून चोवीस तास ठेवा’ हा सल्ला बऱ्याच ठिकाणी ऐकू येतो. एजिंग झालेल्या ७०७५मध्ये खोलीच्या तापमानाला ताण तासांच्या हिशोबात सैल होत नाही. क्लॅम्प सुटला त्या क्षणी जॉब हवा तेवढा वाकून घेतो. ठेवण्याचा फायदा होतो तो तापमान सारखं होण्यापुरता, आणि त्याला तास-दोन तास पुरतात. जॉब रात्रभर क्लॅम्पमध्येच आवळून ठेवला तर काहीही मिळत नाही.

तापमानाचं गणित मात्र खरं आहे. अॅल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे २३.६ मायक्रॉन वाढतं, स्टील साधारण १२. एप्रिलमध्ये शॉप ३८ अंशांवर आणि सीएमएमची (त्रिमितीय मोजणी यंत्राची) खोली २० अंशांवर असेल, तर ६०० मि.मी.चा जॉब पाव मिलिमीटरने आखूड होतो. आणि बेड किंवा फिक्स्चर स्टीलचं असेल, जॉब दोन्ही टोकांना घट्ट पकडलेला असेल आणि कटिंगमध्ये तो तापला, तर त्याला लांब व्हायला जागा उरत नाही आणि तो मधोमध फुगतो. त्या अवस्थेत घेतलेला फिनिश कट थंड झाल्यावर खोलगट निघतो. एक टोक पक्कं, दुसरं सरकू शकेल असं पकडा, आणि कूलंट भरपूर, एकसारखं सोडा.

हीट ट्रीटमेंट मध्येच करावी लागत असेल तर

काही भाग फोर्जिंग किंवा जाड बार रफ करून मग सोल्युशन ट्रीटमेंटला (तापवून पाण्यात थंड करण्याला) जातात. तिथे ताण नव्याने येतो, त्यामुळे वरचं सगळं पुन्हा लागू होतं. भट्टीतून काढून पाण्यात जाईपर्यंतचा वेळ सेकंदांत मोजायचा असतो, ती तडजोड करू नका. पाण्याऐवजी ग्लायकॉल पॉलिमरचं द्रावण, किंवा फोर्जिंगला गरम पाणी, स्पेसिफिकेशनने परवानगी दिली असेल तर वाक बराच कमी होतो. लांब, पातळ जॉब उभा लटकवून बुडवा. आडवा पडला तर एक बाजू आधी थंड होते. क्वेंचिंगनंतर पहिले तास-दोन तास माल मऊ असतो, सरळ करायचं ते तेव्हाच. त्या वेळात जमणार नसेल तर लगेच उणे १८ अंश किंवा त्याखालच्या फ्रीझरमध्ये ठेवा, कडक होणं थांबून राहतं. एजिंगने ताण फारसा उतरत नाही. १२० अंश त्यासाठी कमी पडतात, आणि तापमान वाढवलं तर ताकद जाते. भट्टीत पुन्हा टाकून ‘स्ट्रेस रिलीव्ह’ करून द्या असं कोणी म्हणालं तर नाही म्हणा.

वाकलेला जॉब हातात आहे

पहिली इच्छा होते प्रेसवर ठेवून सरळ करायची. लेखी परवानगी नसेल तर हे करू नये, आणि कारण नियमापेक्षा मोठं आहे. थंड अवस्थेत दाबून सरळ केलेल्या भागात नवा ताण अडकून राहतो. टी६ अवस्थेतला ७०७५ जाडीच्या दिशेने सुमारे ५० मेगापास्कल ओढ सतत लागली तर दमट, खारट हवेत ताण-गंजाने तडकू शकतो. टी७३ अवस्थेत हीच मर्यादा ३००च्या जवळ आहे, म्हणून तर ताकद दहा-पंधरा टक्के सोडूनही टी७३५१ मागतात. प्रेसवर सरळ केलेला जॉब फ्लॅटनेसमध्ये पास होतो, हार्डनेसमध्ये पास होतो, क्रॅक डिटेक्शनमध्येही त्या दिवशी पास होतो. तडा जातो तो पुढे, विमानात बसल्यावर.

माल शिल्लक असेल तर जॉब मोकळ्या अवस्थेत शिमवर घेऊन डेटम नव्याने काढा आणि उरलेला माल दोन्ही बाजूंनी वाटून घ्या. माल शिल्लक नसेल तर ड्रॉइंगच्या नोट्स वाचा. पातळ भागांना अनेकदा ठराविक बिंदूंवर ठराविक वजन ठेवून मोजायची मुभा दिलेली असते, कारण जोडणीत तो भाग तेवढ्या जोराने सहज बसणार असतो. मोकळ्या अवस्थेत नापास ठरवलेला जॉब तिथे पास होऊ शकतो. तशी नोट नसेल तर मोकळ्या अवस्थेतली मापं, वाकाची दिशा आणि प्लेटचा लॉट नंबर लिहून ग्राहकाकडे कन्सेशनसाठी (मापाबाहेरचा भाग स्वीकारण्याच्या लेखी मंजुरीसाठी) पाठवा. शॉट पीनिंगने (पृष्ठभागावर बारीक गोळ्यांचा मारा करून) वाक काढण्याची पद्धत आहे, पण ती मान्यताप्राप्त प्रक्रियेने आणि ग्राहकाच्या संमतीनेच करायची असते. उत्तर येईपर्यंत जॉबला लाल टॅग लावून वेगळा ठेवा, आणि त्याच लॉटच्या उरलेल्या प्लेटमधून फाळायची पट्टी कापून घ्या.